कोरियन एक्सफोलिएटिंग फोमनं गाल ओढल्यासारखे होतायत: सोसू की बंद करू?

लातूरच्या एका २६ वर्षांच्या ताईंनी विचारलंय. प्रश्न लांब होता, मी आटोपशीर करून सांगते. त्वचा तेलकट, नाकावर काळे ठिपके, हनुवटीवर अधूनमधून पुळ्या. मैत्रिणीनं वाढदिवसाला कोरियन 'एक्सफोलिएटिंग फोम क्लेन्झर' दिला. पांढरं, मोत्यासारखी झाक असलेलं घट्ट क्रीम, ट्यूबवर पुढंच मोठ्या अक्षरांत आम्लांची नावं. सकाळ-संध्याकाळ असं दहा दिवस वापरलं. पहिले तीन दिवस चेहरा काचेसारखा, ऑफिसात दोघींनी विचारलंही की काय लावतेस. पाचव्या-सहाव्या दिवसापासून मात्र धुतल्यावर गाल ओढल्यासारखे वाटतात, मॉइश्चरायझर लावलं की चुरचुरतं, आणि एवढं करून दुपारी नाक पुन्हा तेलकट ते तेलकटच. नेटवर वाचलं की याला 'पर्जिंग' म्हणतात, आतली घाण बाहेर पडते, सहा आठवडे सोसायचं. तर सोसू का? घरी बोअरचं पाणी आहे, हे त्यांनी अगदी शेवटी, सहज म्हणून लिहिलंय. आणि अकरा वर्षांची भाचीसुद्धा तीच ट्यूब मागतेय.

सोसू नका. आज रात्रीपासून बंद करा. कारण सविस्तर सांगते, कारण ते कळलं तर पुढची ट्यूब घेताना तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

आधी माझ्याबद्दल एक खुलासा. मी डॉक्टर नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत सतरा वर्षं फेसवॉश, शाम्पू, क्रीम यांची फॉर्म्युलेशन केली, आता घरूनच छोट्या उत्पादकांना सल्ला देते. त्यामुळे ट्यूबच्या आत काय चाललंय ते मी बऱ्यापैकी खात्रीनं सांगू शकते. तुमच्या गालावर काय चाललंय ते न बघता सांगणं मला जमणार नाही आणि शोभणारही नाही. तुमची ट्यूब नेमकी कुठली, पुळ्यांवर डॉक्टरांनी एखादं मलम दिलंय का, पाणी किती जड आहे, यावर उत्तर थोडं इकडेतिकडे होईल. जिथं होईल तिथं तसं सांगेन.

तुम्ही विचारलंय फोम चालू ठेवू का. मला त्याआधी एक गोष्ट बघावीशी वाटते: तुमच्या चेहऱ्यावरचा मृत थर काढतंय कोण? ट्यूबवर 'एक्सफोलिएटिंग' लिहिलेलं असतं तेव्हा हे काम तिघांपैकी कुणीतरी करणं अपेक्षित असतं. एक म्हणजे खर, म्हणजे बारीक कण: सेल्युलोज, तांदळाचा कोंडा, अक्रोडाच्या टरफलाची पूड, साखर. पूर्वी यात प्लास्टिकचे मणी असायचे, कोरियानं प्रसाधनांतून ते २०१७ पासून बंद केले. दुसरं आम्ल: सॅलिसिलिक, ग्लायकोलिक, लॅक्टिक. तिसरं एन्झाइम, बहुतेक वेळा पपईतलं पपेन. हे पाण्यात फार टिकत नाही, म्हणून एन्झाइमचे चांगले क्लेन्झर कोरड्या पावडरीच्या रूपात मिळतात. तुमच्या ट्यूबवर आम्लांची नावं आहेत. पण तुम्ही केलेलं वर्णन, घट्ट, पांढरं आणि मोत्याची झाक, वाचूनच मला चौथ्या गड्याचा संशय आला, ज्याचं नाव ट्यूबच्या पुढच्या बाजूला कुणीच छापत नाही. तो म्हणजे साबण.

ही झाक कशी येते ते मी शेकडो वेळा पाहिलंय. मायरिस्टिक, स्टिअरिक, लॉरिक ही मेदाम्लं मेणाच्या पापडीसारखी पांढरी असतात. ती पंचाहत्तर-ऐंशी अंशांवर वितळवायची, त्यात ग्लिसरीन आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं पाणी हळूहळू सोडायचं. बघता बघता पातळ तेल खिरीसारखं दाट होतं. मग ढवळणी मंद ठेवून थंड करायचं. साधारण शरीराच्या तापमानाजवळ येताना त्यात साबणाचे बारीक स्फटिक धरतात आणि पांढऱ्या लगद्यावर रेशमी लाटा उमटायला लागतात. कितीही वेळा पाहिलं तरी तो क्षण सुंदरच दिसतो. बाजारातले बरेचसे घट्ट, दाणकन फेस देणारे कोरियन फोम याच पद्धतीचे असतात. हा अस्सल साबण आहे, फक्त वडीऐवजी ट्यूबमध्ये भरलेला. त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप (सात उदासीन, खाली आम्ल, वर अल्कली), नऊ ते दहाच्या दरम्यान असतो. त्याहून फार खाली आणला तर साबण साबण राहतच नाही.

आता यात आम्ल घातलं तर काय होतं? एका उत्पादकाला 'कोरियन टेक्स्चरचा' फोम हवा होता, त्यात दोन टक्के सॅलिसिलिक ॲसिड. मी सुंदर झाक आलेला लगदा तयार केला, त्यात सॅलिसिलिक घातलं आणि दूध नासावं तसा तो फाटला. भांड्याच्या कडेला पांढरे दाणे, मधे पाणी. कारण साधं आहे. सॅलिसिलिक हे मेदाम्लापेक्षा जास्त तीव्र आम्ल. ते साबणातला पोटॅशियम हिसकावून घेतं आणि मेदाम्ल बिचारं एकटं पडून दाणे धरतं. उपाय एकच होता, पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणखी वाढवायचं. वाढवलं, लगदा पुन्हा गुळगुळीत झाला. पट्टी बुडवून पाहिली तर पीएच साडेनऊ. म्हणजे घातलेलं सगळं आम्ल आता पोटॅशियम सॅलिसिलेट हे क्षार होऊन बसलं होतं. मी मार्केटिंगच्या साहेबांना म्हटलं, "सर, यातलं आम्ल आता आम्ल राहिलेलं नाही." ते म्हणाले, "पण नाव राहिलंय ना?"

नाव राहतं. जे घातलं ते यादीत लिहायचं असतं, त्यामुळे यात खोटं काही नाही. पण सॅलिसिलिक आम्ल त्वचेत शिरून काम करतं ते मोकळ्या, आम्लरूपात असताना. पीएच तीनला साधारण निम्मं मोकळं असतं, चारला दहा टक्क्यांच्या आसपास, आणि साडेनऊला जवळजवळ शून्य. ग्लायकोलिक, लॅक्टिक यांचीही गत थोड्याफार फरकानं तीच. त्यातून फोम चेहऱ्यावर राहतो किती, तीस-चाळीस सेकंद. तेव्हा साबणाच्या पायावरच्या फोममध्ये आम्लांची कितीही नावं असली तरी तुमचा मृत थर काढणारा गडी मुख्यतः साबण आहे.

आणि साबण हे काम खरोखर करतो! पहिल्या तीन दिवसांची काच खोटी नव्हती. आपल्या त्वचेचा वरचा थर आम्लधर्मी असतो, पीएच पाचच्या आसपास. पीएचमध्ये एक अंक वर म्हणजे दहा पट फरक. साडेपाचवरून साडेनऊवर नेलं तर दहा हजार पट. या अल्कलीत वरच्या मृत पेशी फुगतात, मऊ होतात, सैल पडतात. पेशींना एकमेकींना धरून ठेवणारे टाके उसवणारी एन्झाइम त्वचेत आधीपासूनच असतात, आणि ती उदासीन ते अल्कली पीएचला जास्त जोरात चालतात. म्हणून पृष्ठभाग पटकन गुळगुळीत होतो, उजेड सरळ परावर्तित होतो, चेहरा चमकतो.

अडचण पुढची आहे. त्याच त्वचेत दुसरी एन्झाइम आहेत, जी सिरॅमाइड बनवतात. पेशी या विटा धरल्या तर सिरॅमाइड हा त्यांच्यामधला चुना. ही एन्झाइम चालतात आम्ल पीएचला. म्हणजे साबणानं पीएच वर नेला की उसवणारा हात जोरात आणि सांधणारा हात सुस्त. एकदा धुतल्यावर पीएच खाली यायला काही तास लागतात. तुम्ही सकाळी उसवलं, संध्याकाळपर्यंत त्वचेनं कसंबसं सावरलं, तेवढ्यात पुन्हा उसवलं. असं दहा दिवस, वीस वेळा. पाचव्या दिवशी चुना संपला. गाल ओढणं म्हणजे आतलं पाणी उडून जाणं, आणि मॉइश्चरायझर चुरचुरणं म्हणजे जे एरवी वर राहायचं ते फटींतून आत पोचणं. क्रीम बिघडलेलं नाही, खालची भिंत बिघडली आहे.

आता तुमच्या बोअरकडे येते. तुम्ही ते शेवटी लिहिलंत, मी असते तर पहिल्या ओळीत लिहिलं असतं. दख्खनच्या काळ्या कातळातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. डाळ लवकर शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, नळाच्या तोंडाशी खपली धरते, ही त्याची घरगुती खूण. सोलला नळाला येतं ते हान नदीचं, तुलनेनं मऊ पाणी. जड पाण्यात साबणाचं आणि कॅल्शियमचं जमत नाही, दोघं मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतात. बादलीच्या कडेला जी राखाडी रेघ राहते ना, तोच. तो गालावरही बसतो, धुऊन सहजी निघत नाही, आणि त्याच्यासोबत थोडा साबणही त्वचेवर मुक्कामाला राहतो. म्हणजे तीस सेकंदांचा फोम तुमच्या बाबतीत तीस सेकंदांचा उरतच नाही. तोच फोम, तीच ट्यूब, सोलमध्ये वेगळी वागेल आणि लातुरात वेगळी.

खात्री करायची असेल तर दोन रिकाम्या पाण्याच्या बाटल्या घ्या. एकीत अर्धी बाटली बोअरचं पाणी, दुसरीत आरओचं. दोन्हींत नखाएवढा आंघोळीच्या साबणाचा तुकडा किसून टाका आणि खळखळून हलवा. आरओच्या बाटलीत वर फेस येईल. बोअरच्या बाटलीत फेस कमी आणि पाणी दह्याच्या निवळीसारखं गढूळ झालं तर कारण तुमच्या डोळ्यांसमोर आहे. तुरटी फिरवून हे जात नाही, तुरटी गाळ खाली बसवते, जडपणा नाही. उकळल्यानं थोडा कमी होतो, सगळा जात नाही. आणि आरओच्या मागच्या नळीतून येणारं पाणी चुकूनही चेहऱ्याला वापरू नका, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात.

कोरियात मग हे चालतं कसं, असं तुम्ही म्हणाल. तिकडं या मृत थराला 'गाकजिल' म्हणतात आणि तो काढण्याची हौस आपल्या अभ्यंगाइतकीच मुरलेली आहे. सार्वजनिक न्हाणीघरात, त्यांच्या 'मोग्योकथांग'मध्ये, गरम पाण्यात बसून अंग भिजवायचं आणि मग 'इटली टॉवेल'नं घासायचं. हा हातात पिशवीसारखा चढवायचा व्हिस्कोसचा खरखरीत तुकडा. कापड मूळ इटलीचं म्हणून ते नाव, पण तो जन्मला १९६० च्या दशकात बुसानमध्ये. मळाच्या वळ्या निघेपर्यंत घासतात. मात्र ते अंगासाठी. चेहरा धुतल्यावर बोट फिरवलं की घासलेल्या स्टीलच्या ताटासारखं करकरायला हवं, ही आवडही तिकडे जुनीच, त्या आवाजाला त्यांच्याकडे शब्दसुद्धा आहे: 'प्पोदुक-प्पोदुक'. साबणाचे फोम त्या आवडीतून आलेत.

पण त्या फोमची जागा बघा. ज्या बायका मेकअप आणि जाड सनस्क्रीन लावतात त्या संध्याकाळी आधी तेलाच्या क्लेन्झरनं चेहरा चोळतात आणि मग फोम लावतात. म्हणजे फोमला खायला आधीचं तेल असतं. तुम्ही मेकअप करत नाही असं लिहिलंय. मग तुमच्याकडे तो फोम तुमच्या त्वचेचंच तेल खातो. आपल्याकडेही दिवाळीत आधी तेल चोपडून मगच उटणं लावतात, कोरड्या अंगावर नाही. आणि तेही वर्षातून चारच दिवस.

शिवाय कोरियातसुद्धा वारं केव्हाच फिरलंय. तिथल्या दुकानांत आता 'याक्सान्सोंग' असं छापलेल्या क्लेन्झरची रांग असते. याक्सान्सोंग म्हणजे सौम्य आम्लधर्मी, साधारण साडेपाचच्या आसपासचा पीएच. कोरियन वाचता येत नसेल तर फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करून बघा, हा शब्द सापडला तर चांगली खूण. तसंच मागे 'चू इल-ई ह्वे' असं काही असेल तर त्याचा अर्थ आठवड्यातून एक-दोनदा. गाकजिल काढणाऱ्या बऱ्याच उत्पादनांवर ते लिहिलेलं असतं. माझ्याकडे आलेल्या एका ट्यूबवर इकडच्या किमतीचा स्टिकर नेमका त्याच ओळीवर चिकटवला होता. नखानं उचकटल्यावर दिसलं.

पर्जिंगचं पटकन सांगते. पेशींची उलाढाल वाढवणारं औषध, उदाहरणार्थ अडापालीन किंवा ट्रेटिनॉइन, त्वचेवर रोज रात्रभर राहतं तेव्हा आत दबलेल्या पुळ्या लवकर वर येऊ शकतात. हे पुळ्यांबद्दल आहे. अर्ध्या मिनिटात धुऊन टाकलेल्या फोमनं ते होण्याची शक्यता फार कमी, आणि चुरचुरणं, ओढणं, लाल होणं याला तर पर्जिंग कुणीच म्हणत नाही. ती इजा आहे. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत याची किंमत जास्त मोजावी लागते. दाह बरा होतो, पण मागे तपकिरी डाग सोडून जातो आणि तो डाग महिनोन् महिने हलत नाही.

दुपारच्या तेलाबद्दलही एक गैरसमज आहे: जास्त धुतलं म्हणून त्वचा चिडून जास्त तेल सोडते. मला हे फारसं पटत नाही. तेलाच्या ग्रंथी मुख्यतः हार्मोनच्या हुकमावर चालतात, वर तुम्ही काय धुतलंत ते त्यांना कळत नाही. सकाळी कितीही खरवडून काढा, तीन-चार तासांत तेल परत जागेवर. म्हणजे तेलासाठी दोनदा फोम लावून हाती काही लागत नाही, फक्त गाल, ज्यांना मुळात तेल कमी, ते बिचारे भरडले जातात. दुपारी टिश्यूनं नाक टिपा, बास.

इथवरचं एका दमात: तुमचा फोम बहुधा साबणाचा आहे, आम्ल नावापुरतं, पाणी जड, आणि जे आठवड्यातून एकदा वापरायचं ते तुम्ही दिवसातून दोनदा वापरलंत. आता करायचं काय.

पहिले दोन आठवडे खर नाही, आम्ल नाही, लिंबू-बेसनही नाही. सकाळी नुसत्या पाण्यानं चेहरा धुवा. रात्री साबणविरहित सौम्य क्लेन्झर, घटकांमध्ये सोडियम कोकोइल आयसेथिओनेट, कोकोइल ग्लायसिनेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन अशी नावं वरच्या चार-पाचांत असलेला. असे क्लेन्झर जड पाण्यात साबणाइतका साका धरत नाहीत. शेवटचे दोन-तीन हबके आरओच्या पाण्याचे, तांब्याभर पुरतं. टॉवेलनं टिपून, चेहरा ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा सिरॅमाइडचं साधं, बिनवासाचं क्रीम. तेही चुरचुरलं तर फक्त गालांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, नाक-हनुवटी सोडून. सकाळी सनस्क्रीन, कारण दुखावलेल्या त्वचेवर ऊन पडलं की डाग पक्के होतात. या पंधरवड्यात वरच्या ओठाचं थ्रेडिंग आणि ब्लीच लांब ठेवा. एका मुलीनं सकाळी असाच फोम आणि दुपारी थ्रेडिंग केलं होतं, ओठावर मिशीच्या आकाराची खपली घेऊन ती आठवडाभर मास्क लावून हिंडली.

दहा-बारा दिवसांत चुरचुर थांबली नाही, लाली वाढली, पाणी सुटलं, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. आणि मेडिकलमधून कुणाच्या सांगण्यावरून 'गोरेपणाचं' किंवा 'डागाचं' क्रीम आणून लावत असाल तर थांबू नका, लगेच जा. अशा बऱ्याच क्रीममध्ये स्टिरॉइड असतं, त्यानं त्वचा पातळ झालेली असते आणि मग दोष फोमवर येतो. पुळ्यांसाठी अडापालीनसारखं काही आधीच चालू असेल तर मात्र एक्सफोलिएटिंग फोमचा विषयच सोडून द्या.

दरम्यान ट्यूबची परीक्षा घ्या. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात किंवा ऑनलाइन पीएच पट्ट्या स्वस्तात मिळतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर दहा चमचे घ्या, त्यात एक चमचा फोम नीट विरघळवा आणि पट्टी बुडवा. बोअरचं पाणी यासाठी नको, त्याचा स्वतःचा पीएच हिशेब बिघडवतो. सोबत घटकांची यादी वाचा. कोरियात सगळे घटक छापणं २००८ पासून सक्तीचं आहे, त्यामुळे यादी असतेच. पाण्यानंतर लगेच मायरिस्टिक ॲसिड, स्टिअरिक ॲसिड आणि त्यांच्या मागोमाग पोटॅशियम हायड्रॉक्साइड दिसलं की समजायचं, साबण. आणि विलोच्या सालीचा अर्क दिसला म्हणून सॅलिसिलिक आम्ल मिळालं असं धरू नका, त्यात असतं ते सॅलिसिन.

पट्टी निळी झाली, नऊच्या वर, तर बोअरच्या घरात हा फोम चेहऱ्याला पुन्हा लावू नये असं माझं स्पष्ट मत. पिवळट, पाच ते साडेसहा, आली तर माझा अंदाज चुकला आणि फोम बरा आहे, चूक वापरात होती. मग दोन आठवड्यांनंतर आधी जबड्याच्या एका कडेला तीन रात्री लावून बघा. काही झालं नाही तर आठवड्यातून एकदा, रात्री. हात आधी धुवा. हरभऱ्याएवढं क्रीम तळहातावर घेऊन पाणी थेंबाथेंबानं घालत फेस करा, असा की हात उलटा केला तरी पडू नये. न विरघळलेलं क्रीम थेट गालावर घासलं की तिथं साबणाचा अर्क लागतो, आणि निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. फेस फक्त कपाळ, नाक, हनुवटीवर, बोटं त्वचेला जेमतेम टेकतील इतक्या हलक्या हातानं, वीस-तीस सेकंद. गालांना धुताना ओघळेल तेवढा पुरे. पट्टी नारिंगी, चारच्या खाली, आली तर त्यात खरोखरच काम करणारं आम्ल आहे, त्याला दहा दिवसांतून एकदाच हात लावा.

नाकावरच्या ठिपक्यांची अपेक्षा मात्र कुठल्याच फोमकडून ठेवू नका. ते काळे दिसतात ते धुळीमुळे नाही, छिद्रातलं तेल आणि रंगद्रव्य हवेशी लागून काळवंडतं. त्यांना धुऊन न टाकायचं, त्वचेवर राहू द्यायचं सॅलिसिलिक लागतं, एक ते दोन टक्क्यांचं, नाकापुरतं, आठवड्यातून दोन-तीन रात्री. तेही गाल पूर्ण बरे झाल्यावर, आणि ज्या रात्री फोम त्या रात्री नाही. दोन-अडीच महिने द्या. परत भरतात, म्हणून मग अधूनमधून चालू ठेवावं लागतं.

भाचीला देऊ नका. १३ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी म्हणून विकायच्या प्रसाधनांत सॅलिसिलिक आम्ल घालायला खुद्द कोरियातच बंदी आहे, अपवाद फक्त शाम्पूचा. अकराव्या वर्षी पाणी आणि सनस्क्रीन पुरे. फार हट्ट केला तर तुमच्या नव्या सौम्य क्लेन्झरचा एक थेंब द्या, फेस तोही करतो.

भेटीची ट्यूब आहे म्हणून आणखी एक तपासा. कोरियन तारीख वर्ष-महिना-दिवस अशी उलटी असते. तारखेसोबत 'जेजो' असेल तर ती बनवल्याची, 'क्काजी' असेल तर 'पर्यंत', म्हणजे संपण्याची. मी लोकांना बनवल्याची तारीख वाचून नवीकोरी ट्यूब फेकताना पाहिलंय, आणि उलटंही. भारतात रीतसर आयात झालेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असतो. तो नसेल तर एक तर मैत्रिणीनं परदेशातून आणलीय किंवा दुकानदारानं तिला फसवलंय. तिला विचारताना जरा जपून विचारा.

आणि पट्टी निळी आली तरी ट्यूब टाकू नका. टाचा आणि कोपरांना हा फोम उत्तम, तिथली कातडी जाड असते. मेकअपचे ब्रश आणि तेलकट कंगवे तर यानं इतके लख्ख निघतात की मी स्वतः त्यासाठी एक ट्यूब बेसिनपाशी ठेवते. बाटल्यांचा आणि पट्टीचा प्रयोग केलात तर रंग काय आला ते इथं नक्की कळवा, आणि बोअर किती फूट खोल आहे तेही लिहा.